बाळंतिणीचा ताप

मार्काच्या पहिल्या अध्यायात शिमोनाची सासू तापाने पडली, तेव्हा घरच्यांनी काय केले? दिवस शब्बाथाचा होता, तरी त्यांनी प्रभूला तत्काळ कळविले. आणि त्याने तिचा हात धरिला. आपल्या घरी बाळंतीण तापली की, 'पाचवी होऊ द्या, दुधाचा ताप असेल' म्हणून आपण तो झाकून ठेवितो. विटाळ सोडिला असे आपण म्हणतो खरे. पण बाजेजवळ जावयास अजून कचरतो! प्रसूतीनंतरचे ६ आठवडे जोखमीचे असतात. ताप, दुर्गंधी स्राव, अतिशय रक्त जाणे, तीव्र डोकेदुखी, झटके, एका पायास दुखरी सूज, ह्यांपैकी एकही दिसले तर शेक-धुरी राहू द्यावी व तिला त्याच घटकेस दवाखान्यात न्यावे. १८४७ साली व्हिएन्ना शहरी डॉक्टर सेमेलवाइस ह्यांनी प्रसूतिगृहात क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याचा नियम केला, तेव्हा सूतिकाज्वराचे मृत्यू फार घटले. तो ताप सटवीने दिला नव्हता. मनुष्याच्या हातांनीच तो नेला होता. उपदेशकबंधूंनो, तुमच्या मंडळीत आज कोण बाजेवर आहे? उपासना आटोपताच पत्नीस बरोबर घेऊन तिच्या दारी जा. आणि प्रकृती कशी आहे हे सासूस नव्हे, तिलाच विचारा.