चावी दिल्यानंतर

मुलांच्या परीक्षा आटोपल्या की आपल्याकडे घरे बदलण्याचे दिवस येतात. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात कागदपत्रांची नोंदणी होते, उरलेली रक्कम बँकेत जमा होते, सोसायटीत हस्तांतरणाचा अर्ज जातो आणि एके दिवशी जुन्या फ्लॅटची चावी आपण नव्या माणसाच्या हाती ठेवतो. चला, एक मोठे काम पार पडले, असे मनात येते. मग जून उजाडतो, पहिला पाऊस पडतो आणि घर घेणाऱ्याचा निरोप येतो. बाथरूमचा नळ ठिबकतो आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी नीट लागत नाही. पश्चिमेकडच्या भिंतीला ओल आली आहे.

अशा वेळी घरात दोन मते पडतात. एक जण म्हणतो, “घर बघूनच घेतले ना? पैसे मिळाले, कागद झाले, आता आपला काय संबंध?” दुसरा म्हणतो, “कशाला वाईटपणा घ्यायचा? हजार-दोन हजार देऊन टाका आणि विषय मिटवा.” पहिला कठोर वाटतो, दुसरा उदार वाटतो. परंतु दोघेही एकच प्रश्न टाळत असतात. तो प्रश्न असा की, समोरचा माणूस जे मागतो आहे ते आपण त्याचे देणे लागतो का?

व्यवहार पूर्ण झाला म्हणजे सर्व संबंध संपला, असे कायदाही मानत नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ५५ वे कलम आपल्यापैकी प्रत्येक घर विकणाऱ्याने माहीत करून घ्यावे असे आहे. करारात वेगळे काही ठरले नसेल, तर मालमत्तेतील महत्त्वाचा दोष सांगण्याची जबाबदारी हे कलम विकणाऱ्यावर टाकते. मात्र तो दोष विकणाऱ्याला ठाऊक असला पाहिजे, घेणाऱ्याला ठाऊक नसला पाहिजे आणि साधारण काळजीने पाहूनही त्याच्या लक्षात येण्यासारखा नसला पाहिजे. असा दोष न सांगणे ही फसवणूक आहे, असे त्या कलमात स्पष्ट म्हटले आहे. विक्रीच्या दिवसापर्यंतचे सरकारी कर विकणाऱ्यानेच भरायचे असतात. तसेच करार झाल्यापासून ताबा देईपर्यंत शहाणा मालक आपल्या घराची जशी काळजी घेतो, तशी काळजी त्याने घ्यायची असते.

नव्या इमारतीच्या बाबतीत २०१६ च्या ‘रेरा’ कायद्याने बिल्डरवर याहून मोठा भार टाकला आहे. ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातील दोष दाखवून दिला, तर ३० दिवसांत तो जादा पैसे न घेता दुरुस्त करून द्यावा लागतो. हा नियम बिल्डरसाठी आहे. स्वतःचे राहते घर विकणाऱ्या कुटुंबासाठी नाही. म्हणजे आपल्या बाबतीत सारा भर येतो तो एका गोष्टीवर: आपल्याला काय ठाऊक होते?

हा प्रश्न आजचा नाही. रोमन विचारवंत सिसेरो याने इ.स.पूर्व ४४ मध्ये कर्तव्यांविषयी लिहिलेल्या ग्रंथात नेमके घर विकणाऱ्याचेच उदाहरण घेतले आहे. घराची लाकडे कुजकी आहेत, खोल्यांतून साप निघतात आणि हे फक्त मालकाला ठाऊक आहे. त्याने ते सांगावे की नाही? एक पक्ष म्हणतो, त्याने कुणावर घेण्याची सक्ती केली नव्हती. दुसरा पक्ष म्हणतो, वाट चुकलेल्याला वाट न दाखवण्यापेक्षाही हे वाईट आहे, कारण येथे माणसाला जाणूनबुजून चुकू दिले जाते. सिसेरो या दुसऱ्या पक्षाच्या बाजूने उभा राहतो.

१३ व्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी हाच विषय अधिक बारकाईने हाताळला. खरेदी-विक्रीविषयी लिहिताना त्यांनी काही भेद केले आहेत, ते आपल्याला आजही उपयोगी पडतील. दोष उघड असेल, उदाहरणार्थ घोडा एका डोळ्याने आंधळा असेल आणि किंमत त्या मानाने कमी केलेली असेल, तर तो बोलून दाखवण्याचे बंधन नाही. पडायला आलेले घर मजबूत म्हणून विकणे मात्र अन्याय आहे. विकणाऱ्याला दोष ठाऊकच नसेल, तर त्याच्याकडून पाप घडत नाही. पण दोष कळल्यावर घेणाऱ्याची भरपाई करणे त्याला भाग आहे. आणखी एक गोष्ट ते सांगतात. योग्य किंमत ही काट्यावर तोलून काढता येत नाही, तो एक अंदाज असतो. म्हणून थोडेसे अधिक-उणे झाल्याने न्याय मोडत नाही.

आता पुन्हा त्या तीन तक्रारींकडे पाहू. खिडकीची कडी घर पाहायला आलेल्या कुणालाही दिसली असती. नळाचे वॉशर वापराने झिजते. आज ना उद्या ते बदलावे लागणारच होते. वापरलेल्या घराच्या किमतीत एवढे अधिक-उणे धरलेलेच असते. या दोन्ही बाबतींत आपण काही देणे लागत नाही.

भिंतीची गोष्ट वेगळी आहे. गेल्या तीन पावसाळ्यांत तिथे ओल येत होती आणि घर दाखवण्यापूर्वी आपण त्यावर रंगाचा हात फिरवला असेल, तर ती तक्रार आपल्याला कितीही किरकोळ वाटो, ते आपले देणे आहे. कारण रंग त्या ठिकाणी भिंत सजवण्यासाठी लावलेला नव्हता, तर समोरच्याचे डोळे झाकण्यासाठी लावला होता. शिवाय ‘किरकोळ’ हा शब्द नेहमी विकणाराच वापरतो. वीस वर्षांचे हप्ते डोक्यावर घेऊन आत आलेल्या माणसाला तीच ओल किरकोळ वाटत नाही. भिंतीची ओल आपल्यालाही खरोखर नवी असेल, तर त्याला योग्य वाट दाखवावी. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्याची गळती सोसायटीने आपल्या खर्चाने थांबवायची असते. घरातल्या संडास-मोरीची गळती सभासदाने. हे नव्या सभासदाला माहीत असेलच असे नाही. सेक्रेटरींची गाठ घालून दिली तरी त्याचे निम्मे काम होते.

मग जे देणे नाही, त्याचे काय? फोन ठेवून द्यायचा का? नाही. येथून पुढे शेजारधर्म सुरू होतो. आपला नेहमीचा प्लंबर कोण, पाण्याची टाकी किती वाजता भरते, मुख्य नळ कुठे बंद होतो, हे सांगायला पैसे पडत नाहीत. शक्य असेल तर एखादी कडी बसवूनही द्यावी. घर घेणारा पुष्कळदा दुसऱ्या गावचा, दुसऱ्या भाषेचा असतो. आपल्या वसईची आणि आपल्या समाजाची पहिली ओळख त्याला आपल्याकडून होते.

मात्र देणे आणि देणगी यांची सरमिसळ आपण करू नये. जे लपवले त्याची भरपाई करताना उपकाराचा सूर लावला, तर पैसे देऊनही आपण खोटेच वागतो; तिथे झाले ते कबूल करूनच द्यायला हवे. उलट, केवळ भीतीने किंवा कटकट नको म्हणून देणे लागत नसताना पैसे देत राहिलो, तर समोरच्याला वाटते की काहीतरी लपवलेले असणारच. त्यापेक्षा शांतपणे सांगावे, “ही माझी जबाबदारी नाही, पण शेजारी म्हणून एवढे करतो.” घेणाऱ्यानेही हे ओळखावे. जुने घर जुन्या भावात घेऊन नव्या घराची अपेक्षा धरणे आणि विकणाऱ्याला वर्षभर कामाला लावणे, हाही अन्यायच आहे.

खरे पाहता या तक्रारींवरचा सर्वांत सोपा उपाय चावी देण्याआधीच करता येतो. घरातले जे दोष आपल्याला ठाऊक आहेत, ते एका कागदावर लिहावेत, घेणाऱ्याला वाचून दाखवावेत आणि दोघांनी खाली सही करावी. दलाल म्हणेल, असे केल्याने भाव पडेल. पडेलही. त्या कागदामुळे जी रक्कम कमी मिळेल ती मुळात आपली नव्हतीच, हे मान्य करण्याची आपली तयारी आहे का? घर विकायला काढताना आपण कुटुंबात बसून याच प्रश्नाचा आधी विचार करू या.