गैरहजेरीचा हिशेब

थोर खेळाडूंची क्रमवारी लावावयास बसलेल्या मंडळींपुढे वस्तुतः दोन दप्तरे असतात. एकात तो मनुष्य किती दिवस कामावर रुजू होता याची नोंद, आणि दुसऱ्यात, रुजू असताना त्याने काय केले याची. पहिले मोजावयास सोपे, दुसरे पारखावयास अवघड. आणि मनुष्यस्वभाव असा की अवघड निवाडा टाळण्यासाठी आपण सोप्या दप्तरावरच निकाल देऊन मोकळे होतो. अमेरिकेतील क्लीव्हलंड कॅव्हेलियर्स या संघाकडून १९८६ ते १९९५ अशी नऊ वर्षे खेळलेल्या मार्क प्राइस या बास्केटबॉलपटूविषयी जाणकारांत अधूनमधून जो वाद पेटतो, त्याचे मूळ माझ्या मते या दोन दप्तरांच्या सरमिसळीत आहे.

बास्केटबॉलमधील ‘पॉइंट गार्ड’ या पदाला मराठीत नेमका शब्द नाही. सेनापती म्हणावे तर शब्द फार भारदस्त होतो; मला स्वतःला ‘कारभारी’ हा शब्द जवळचा वाटतो. चेंडू पुढे न्यावयाचा, चोवीस सेकंदांच्या मुदतीत कोणास कोठे उभे करावयाचे ते ठरवावयाचे, ज्याच्या हाती चेंडू दिल्याने लाभ होईल त्याच्याच हाती तो नेमक्या क्षणी द्यावयाचा, आणि एवढे करून श्रेयाचा मोठा वाटा दुसऱ्याच्या नावावर जमा होताना पाहावयाचे, असा हा कारभार. प्राइसची उंची सहा फूट. आपल्याकडे अशा पुरुषास लोक मान वर करून पाहतात. त्या दुनियेत तो ठेंगणा ठरला. जॉर्जिया टेक विद्यापीठात चार वर्षे गाजवूनही १९८६ च्या निवडीत पहिली फेरी त्याच्या नावावाचून संपली, दुसऱ्या फेरीत डॅलसने त्याला एकूण पंचविसाव्या क्रमांकावर उचलले, आणि उचलून लागलीच, काही रोकड व पुढील एका निवडीचा हक्क एवढ्या मोबदल्यात, क्लीव्हलंडच्या हवाली केले.

त्याच्या खेळातील एक गोष्ट जवळून पाहण्याजोगी आहे. ‘पिक अँड रोल’ हा या खेळातील जुना डाव: आपला एखादा धिप्पाड सहकारी येऊन प्रतिपक्षाच्या रक्षकाच्या वाटेत खांबासारखा उभा राहतो, आणि चेंडूवाला त्याच्या खांद्याला खांदा घासून पलीकडे निसटतो. यावर रक्षकांनी शोधलेला उतारा असा, की अडवणाऱ्या सहकाऱ्याचा रक्षकही पुढे सरसावून चेंडूवाल्याच्या अंगावर यावा, म्हणजे दोघांनी मिळून त्याची कोंडी करावी. अशा कोंडीत सापडलेल्या पॉइंट गार्डने दोन पावले मागे हटावे, चेंडू सांभाळावा व दूरच्या सहकाऱ्याकडे सोपवावा, असा त्या काळचा शिरस्ता होता. प्राइस मागे हटत नसे. दोघे रक्षक एकमेकांच्या दिशेने येत आहेत परंतु त्यांची पावले अजून जुळलेली नाहीत, असा एक निमिष त्याने हेरून ठेवला होता. त्या निमिषात तो कंबरेत वाके, चेंडू गुडघ्याखाली एकदाच जोराने आपटे आणि खांदा पुढे करून त्या दोन देहांमधल्या फटीतून पार होई. पार झाल्यावर मागे दोन रक्षक निकामी, पुढे तीनच, आणि त्याच्या बाजूस तो धरून पाच. मग ब्रॅड डॉहर्टीसारख्या सात फुटी सहकाऱ्याला बास्केटखाली मोकळा चेंडू मिळणे हा केवळ हिशेबाचा भाग उरे. ही युक्ती आज शाळकरी मुलांच्या सरावातही दिसते, म्हणूनच तिचे नवल वाटेनासे झाले आहे. ज्याची रीत सर्वांची होते त्याचे नाव त्या रीतीवरून पुसले जाते, हा वारशाचा एक विचित्र प्रकार आहे.

आकडे हवे असतील तर तेही आहेत. १९८८-८९ च्या हंगामात त्याने मैदानावरील फेकींपैकी ५२.६ टक्के, तीन गुणांच्या फेकींपैकी ४४.१ टक्के आणि फ्री थ्रोंपैकी ९०.१ टक्के साधल्या. पन्नास, चाळीस आणि नव्वद या तिन्ही पायऱ्या एकाच हंगामात चढणारा लॅरी बर्डनंतरचा तो दुसराच मनुष्य. फ्री थ्रो म्हणजे खेळ थांबवून, कोणीही अडवीत नसता, पंधरा फुटांवरून एकट्याने केलेली फेक. संपूर्ण कारकीर्दीत अशा २३६२ फेकींपैकी २१३५ त्याने अचूक टाकल्या, आणि तो निवृत्त झाला तेव्हा हे प्रमाण सर्वोच्च होते. स्टीव्ह नॅशने पुढे त्याला मागे टाकले ते केसभर अंतराने.

त्याच हंगामात क्लीव्हलंडने सत्तावन्न सामने जिंकले, आणि पुढील दशक या संघाचे असे भाकीत मॅजिक जॉन्सनसारख्याने वर्तविले. भाकिताचे काय झाले ते सर्वश्रुत आहे. शिकागोविरुद्धच्या पहिल्याच फेरीत, पाचव्या सामन्याच्या अखेरच्या क्षणी मायकेल जॉर्डनने हवेत लटकून टाकलेली ती फेक आजही चित्रफितींत दाखविली जाते. मात्र त्या मालिकेचा पहिला सामना दुखापतग्रस्त प्राइसवाचून खेळला गेला व क्लीव्हलंडने तो आपल्याच मैदानात गमावला, ही गोष्ट त्या चित्रफितीत मावत नाही. नंतर १९९० च्या नोव्हेंबरअखेर अटलांटा येथे निसटत्या चेंडूमागे धावताना तो मैदानालगतच्या जाहिरातफलकावर जाऊन आदळला आणि गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. प्रतिस्पर्ध्याच्या धक्क्याने नव्हे, तर जाहिरातीच्या फळीने! धंद्याने खेळावर केलेल्या आक्रमणाचे याहून शब्दशः उदाहरण मला तरी ठाऊक नाही. त्या हंगामात तो सोळा सामने खेळला.

येथून पुढे प्राइसचे कैवारी जो युक्तिवाद करतात तो मला मान्य नाही. ‘गुडघा शाबूत राहता तर’ असा त्यांचा आरंभ असतो, आणि त्या ‘तर’च्या पुढे ते एक काल्पनिक कारकीर्द उभी करतात, जिच्यात अजिंक्यपदे आहेत, विक्रम आहेत, सर्व काही आहे. न घडलेल्या गोष्टींची जमा खऱ्या खात्यात दाखविण्याचा हा प्रकार एखाद्या कारकुनाने केला असता तर त्याची चौकशी झाली असती. परंतु माझा मुख्य आक्षेप निराळा आहे: हा युक्तिवाद वस्तुस्थितीलाच धरून नाही. प्राइसची सर्वोत्तम वर्षे त्या दुखापतीच्या नंतरची आहेत. परतल्यावर १९९२ मध्ये त्याने संघाला पूर्व विभागाच्या अंतिम फेरीपर्यंत नेले. १९९२-९३ मध्ये फ्री थ्रोंचे प्रमाण ९४.८ टक्क्यांवर गेले. आणि त्या वर्षी एनबीएच्या सर्वश्रेष्ठ पाचांत गार्ड म्हणून जी दोन नावे निवडली गेली, त्यांत एक जॉर्डन होता व दुसरा प्राइस. जॉन स्टॉकटनचे नाव त्या वर्षी दुसऱ्या पाचांत होते. म्हणजे तुटलेल्या गुडघ्याने त्याचा खेळ संपविला नाही. तो संपला पुढे, मनगट मोडले, पावलाने दगा दिला, क्लीव्हलंडने त्याला वॉशिंग्टनकडे पाठविले आणि तेथे एका हंगामात सात सामन्यांपलीकडे शरीराने साथ दिली नाही, तेव्हा. १९९८ मध्ये तो निवृत्त झाला, आणि निवृत्तीला पंचवीस वर्षे उलटली तरी स्प्रिंगफील्डच्या कीर्तिमंदिरात त्याचे नाव लागले नव्हते.

स्टॉकटनचे नाव निघालेच आहे, तर विरुद्ध पक्षाचे म्हणणेही ऐकले पाहिजे. स्टॉकटन एकोणीस हंगाम खेळला आणि त्यांत अवघे बावीस सामने चुकला. एकूण १५०४ सामने, प्राइसचे ७२२. शरीर टिकविणे हाही एक गुणच आहे, असे हा पक्ष म्हणतो, आणि आहार, व्यायाम, झोप यांच्या शिस्तीपुरते ते खरेही आहे. पण जाहिरातफलक कोठे उभारावा हे खेळाडूच्या शिस्तीने ठरत नाही. निरोगी प्रकृती ही बव्हंशी वतनासारखी असते: मिळालेल्याने ती राखली याबद्दल त्याचा गौरव अवश्य करावा, परंतु ज्याला ती मिळाली नाही त्याला नालायक ठरवू नये. दीर्घ सेवेच्या दप्तरात मी स्टॉकटनला निःसंकोच वर ठेवीन. एका सामन्याचा कारभार कोणाच्या हाती द्यावा असे विचारल्यास, १९९३ साली निवड करणाऱ्यांनी दिले तेच उत्तर देईन.

तथापि एका फिर्यादीपुढे माझे सगळे युक्तिवाद लंगडे पडतात. १९९०-९१ च्या हिवाळ्यात, बर्फातून मोटार हाकीत, शहराबाहेर रिचफील्डच्या शेतजमिनीत उभ्या असलेल्या त्या प्रचंड कलोझियममध्ये, मुलाला मार्क प्राइस दाखवावयाचा म्हणून कोणी बाप गेला असेल. संघ त्या वर्षी एकोणपन्नास सामने हरला. मध्यंतरात त्या मुलाने पंचवीस क्रमांकाचा सदरा शोधला असेल, आणि बापाने त्याला साध्या कपड्यांत बाकाच्या टोकाला बसलेला एक सहा फुटी माणूस बोट करून दाखविला असेल.