न छेडलेल्या तारा

सज्जनहो, पन्नाशी उलटल्यावर माणसाने नवे वाद्य हाती घ्यावे का, हा प्रश्न वरवर पाहता हौसेचा वाटतो. तो केवळ हौसेचा असता तर येथे मांडला नसता. पण आमच्या दिंडीतील एका शिक्षकांनी तो ज्या कळकळीने विचारला आणि वर्षभराने त्यांना त्यातून जे हाती लागले, ते प्रपंचात राहून नाम घेणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचे आहे. म्हणून लिहितो.

हे गृहस्थ टाळकरी. वारीचा नेम चुकवत नाहीत. घरी मात्र तीस वर्षे गिटार वाजवतात. पोकळ लाकडी पेटीची, विजेवाचून वाजणारी साधी गिटार. शाळेची प्रार्थना असो की स्नेहसंमेलन, तिचीच साथ. बावन्नाव्या वर्षी त्यांच्या डाव्या हाताच्या बोटांचे सांधे धरू लागले. त्या गिटारीच्या तारा जाड, दाबायला जोर लागतो. कोणी सुचवले की इलेक्ट्रिक गिटार घ्या, तिच्या तारा बारीक असतात, बोटांना त्रास कमी. एक वापरलेली गिटार बेताच्या किमतीत मिळतही होती. पण मन कचरले. मला म्हणाले, “महाराज, अर्ध्याहून अधिक आयुष्य सरले. आता गरजा कमी करायच्या, की हे नवे लोढणे गळ्यात बांधायचे? हा मोह तर नव्हे?”

शंका रास्त आहे. तिचे समाधान असे की मोह वस्तूत नसतो. ती वस्तू हाती आल्यावर मन कोणाच्या चाकरीला लागते, यावर तो ठरतो. गोरोबाकाकांनी चाक सोडले नाही, सावतोबांनी मळा सोडला नाही. चाक आणि मोट देवाच्या कामी लागली, मग ती आड कशी येतील? नामदेवरायांचे उदाहरण तर या प्रश्नाला फारच जवळचे. शके १२१८, म्हणजे इसवी सन १२९६ मध्ये माउली समाधिस्थ झाल्या. पुढे उत्तरायुष्यात नामदेवराय पंजाबात गेले आणि तिकडच्या लोकांना कळेल अशा भाषेत गाऊ लागले. त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात आहेत. ज्यांनी मराठीत अभंगांची रास घातली, त्यांनी उतारवयाकडे झुकताना दुसरी भाषा हाती घेतली. पण भाषा बदलली तरी ज्याला आळवायचे तो बदलला नाही.

गिटारीच्या बाबतीतही असेच घडल्याचे त्या शिक्षकांनीच मला सांगितले. अमेरिकेत मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांतून मडी वॉटर्स नावाचा गवई १९४३ साली शिकागो शहरात आला. गावी तो साध्या गिटारीवर गात असे. शहरातल्या गुत्त्यांमध्ये गलका एवढा की ती गिटार ऐकूच जाईना, तेव्हा त्याने विजेवरची घेतली. गाणे गावाकडचेच राहिले. दुसरी सिस्टर रोझेटा थार्प. जन्म १९१५चा. आईबरोबर लहानपणापासून चर्चमध्ये देवाची गाणी म्हणणारी बाई. तीच गाणी ती करमणुकीच्या ठिकाणी गाते, म्हणून तिच्या पंथातल्या लोकांनी तिला दोषही दिला. १९६४ साली इंग्लंडातील मँचेस्टरच्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्थानकावर ती गायली. पाऊस पडून गेलेला, श्रोते समोरच्या फलाटावर, गळ्यात इलेक्ट्रिक गिटार आणि वय एकोणपन्नास. मुखी मात्र देवाचेच गाणे. पंथ वेगळा, देश वेगळा, पण वाद्य गाण्यासाठी की गाणे वाद्यासाठी, ही कसोटी तेथेही तीच.

मी त्यांना म्हणालो, “बोटे दुखतात म्हणून गाणे थांबण्यापेक्षा वाद्य बदललेले बरे. घ्या. आणि वर्षाने येऊन सांगा, ते काय शिकवते ते.”

वर्षाने ते आले आणि एकच वाक्य बोलले: “महाराज, वाजवायला सोपी आहे, पण गप्प ठेवायला फार अवघड.”

मी गिटार वाजवत नाही. पण त्यांनी हाताने करून दाखवले ते समजले. साध्या गिटारीत तार हलते, ती घोडीमार्फत वरची फळी हलवते, पेटीतली हवा हलते आणि नाद होतो. जेवढा हाताचा जोर, तेवढाच आवाज. इलेक्ट्रिक गिटारीत तारांखाली लोहचुंबक असतात आणि त्यांच्याभोवती अतिशय बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत किंचित वीज उत्पन्न होते. अँप्लिफायर तिला कितीतरी पटींनी वाढवतो आणि ती स्पीकरमधून नाद होऊन बाहेर पडते. ते यंत्र हेतू विचारत नाही. मुद्दाम छेडलेली तार आणि धक्क्याने हललेली तार, दोन्ही ते मोठ्या करते. बोट सरकल्याची खरखरही मोठी करते. म्हणून सहा तारांपैकी एक वाजवायची तर उरलेल्या पाच हलकेच धरून ठेवाव्या लागतात. कधी उजव्या तळहाताच्या कडेने, कधी डाव्या बोटाच्या शेंड्याने. “तीस वर्षे तारा वाजवायला शिकलो, आता न वाजवायला शिकतो आहे,” असे ते म्हणाले.

सज्जनहो, आता आपल्याकडे पाहू. वय वाढते तसा गळा थकतो, पण शब्दाचा आवाज वाढत जातो. विशीतला मुलगा घरात रागाने काही बोलला, तर लोक म्हणतात, पोर चिडले आहे, होईल शांत. तोच शब्द पन्नाशीतला बाप बोलला, की सून ताटावरून उठते आणि मुलगा वेगळी चूल मांडण्याचा विचार करतो. सासू, मुख्याध्यापक, सरपंच, फडाचे मालक, दिंडीचे चालक या सगळ्यांच्या तारांखाली वयाने आणि अधिकाराने चुंबक बसवलेला असतो. आपल्याला वाटते, मी तर काहीच बोललो नाही. पण न छेडलेली तार वाजून गेलेली असते.

त्या शिक्षकांच्या घरी असेच झाले. मुलीने बाहेरगावच्या महाविद्यालयाचा अर्ज आणला. यांनी फीचा आकडा पाहिला आणि नुसता एक सुस्कारा सोडला. शब्द एकही नाही. मुलीने अर्ज मुकाट्याने कपाटात ठेवून दिला. चार दिवसांनी पत्नीने सांगितले तेव्हा यांना कळले. ते म्हणाले, “गिटार नसती तर मी म्हटले असते, मी कुठे नको म्हणालो? पण आता मला ठाऊक होते की आवाज माझ्याच तारेतून निघाला.” त्यांनी मुलीला बोलावले आणि दोघांनी मिळून तो अर्ज भरला.

आम्हा कीर्तनकारांना तर हा धडा रोजचाच आहे. माझ्या उमेदीत खेड्यात गॅसबत्तीच्या उजेडात, माइकवाचून कीर्तन होई. शेवटच्या ओळीतल्या म्हातारीपर्यंत शब्द पोचवायचा तर पोटातून दम लागे. गळाच सांगे की वायफळ बोलू नकोस, पुढे निरूपण उरले आहे. मग कर्णे आले. गळ्याचे ओझे उतरले आणि त्याबरोबर गळ्याचा पहाराही उतरला. आता तर समोरचा मोबाइलवर टिपून घेतो आणि एका गावचे कीर्तन दुसऱ्या दिवशी सातासमुद्रापलीकडचा मराठी माणूस ऐकतो. अशा वेळी मंडपात हशा पिकावा म्हणून लेकीसुनांवर केलेला हलका विनोद मंडपापुरता राहत नाही. ज्या बाया डोक्यावर तुळस घेऊन पंढरीची वाट चालतात, त्यांच्याच घरी जाऊन तो वाजतो. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचे तप सांगितले आहे: बोलणे कोणाला न दुखवणारे, खरे, गोड आणि हिताचे असावे. माउलींनी तेथे परिसाचा दाखला दिला आहे. परीस लोखंडाला ठोकत नाही, तोडत नाही, तरी त्याचे सोने करतो. ज्याच्या हाती माइक आहे, त्याने हे तप अधिक कडकपणे पाळायला हवे.

आणखी एक गोष्ट. ती गिटार स्पीकरच्या फार जवळ नेली, की स्पीकरमधून आलेला आवाज तारेला पुन्हा हलवतो, ते हलणे पुन्हा मोठे होते आणि शेवटी नुसती किंचाळी उरते. मंडपात माइक शिट्टी मारतो तो याच कारणाने. स्वतःचाच आवाज ऐकून हलणाऱ्याचे असे होते. आपल्या कीर्तीच्या स्पीकरपासून दोन पावले मागे उभे राहावे, हे प्रत्येक वक्त्याने ध्यानात ठेवावे.

येथे कोणी म्हणेल, मग मौनच का धरू नये? समाधान असे की सहाही तारा गप्प ठेवल्या तर गाणे कोठून येणार? पाच तारा थांबतात त्या एकीसाठी. अर्ज घेऊन आलेल्या मुलीला बापाचा शब्द हवाच होता. सुस्कारा नको होता. शिवाय त्या तारा थांबवण्याचीही रीत आहे. जोराने दाबली तर तार थांबत नाही, तिच्यातून दुसराच सूर निघतो. हात नुसता टेकून ठेवायचा. मनाचेही तसेच आहे. राग दाबला की तो टोमणा होऊन बाहेर पडतो. त्यावर नामाचा हात अलगद टेकलेला असेल तर तो आपोआप निवतो. हरिपाठ नेमाने म्हणायचा तो एवढ्यासाठीही, की नेम असला म्हणजे हात वेळेवर तारेवर असतो. आवाज झाल्यावर धावत जाऊन काय उपयोग?

तेव्हा उतारवयात वाद्य बदला, भाषा बदला, धंदा बदला. देवाची त्याला हरकत दिसत नाही. पण आपला शब्द आता किती मोठा झाला आहे, ते एकदा तपासून घ्या. त्यासाठी दूरच्या श्रोत्यांना विचारू नका. आपल्या बोलण्याच्या सर्वांत जवळ जे माणूस बसलेले असते, त्याच्या चेहऱ्याकडे आज जेवताना नीट पाहा.

रामकृष्णहरि.