मंडळ मावळते तेव्हा

ज्या यंत्राचा आता कोणालाच उपयोग नाही, ते चालू ठेवण्यासाठी चार-पाच माणसांनी महिन्यातून एकदा जमत राहावे का? वरवर पाहता हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा आहे. पण निष्ठा कुठे संपते आणि आसक्ती कुठे सुरू होते, हाच प्रश्न त्यात दडला आहे. ज्याने एखादे केंद्र किंवा अभ्यासमंडळ वर्षानुवर्षे चालवले आहे, त्याला तो कधी ना कधी पडतोच.

जुने संगणक जपणाऱ्या हौशी लोकांची मंडळे जगात अनेक ठिकाणी आहेत. टीव्हीला जोडून चालणारे, कॅसेटवरून प्रोग्रॅम वाचणारे चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीचे संगणक ही माणसे उघडतात, पुसतात, दुरुस्त करतात. आपल्याकडे १९८४ नंतर सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून काही शाळांत बीबीसी मायक्रो नावाचे संगणक आले होते. आज पन्नाशीत असलेल्या काही वाचकांनी आयुष्यातली पहिली कळ त्याच्यावरच दाबली असेल. असे यंत्र जपायचे म्हणजे काळाशी रोजची झटापट. आतले कपॅसिटर सुकतात. काही यंत्रांत बोर्डवर बसवलेली छोटी बॅटरी पाझरते आणि तांब्याच्या रेषा खाऊन टाकते. कॅसेटच्या यंत्रातले रबरी पट्टे चिकट होऊन लोंबतात. दमट हवेत फ्लॉपीवर बुरशी धरते. काही प्रकारच्या चिपांमध्ये साठवलेला विद्युतभार काही दशकांत हळूहळू गळून जातो. यंत्र जागेवर असते, त्याची स्मृती मात्र गेलेली असते.

तरीही यंत्रापेक्षा माणसे आधी थकतात. ज्याच्या हातात दुरुस्तीची कला, त्याला आता बारीक सोल्डरिंग दिसत नाही. ज्याच्या घरी सामान ठेवलेले, तो मुलाकडे दुसऱ्या गावी राहायला जातो. नवे कोणी येत नाही. मग तिघे आले तर बैठक, दोघे आले तर नुसता चहा.

भारतातील डिजिटल संगणकाची कथा कोलकात्यात सुरू होते. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९३१ मध्ये स्थापन केलेल्या भारतीय सांख्यिकी संस्थेने १९५५ मध्ये ब्रिटनहून एचईसी-२एम हे यंत्र मागवले. अँड्र्यू बूथ यांच्या आरेखनावरून ब्रिटिश टॅब्युलेटिंग मशीन कंपनीने ते बनवले होते. देशातला हा पहिला डिजिटल संगणक. काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा, आणि फिरत्या चुंबकीय पिंपावर जेमतेम १,०२४ संख्या लक्षात ठेवणारा. संस्थेतील दोन अभियंते इंग्लंडला जाऊन तो शिकून आले. पंचवार्षिक योजनांच्या आकडेमोडीचे दिवस होते ते. पुढे रशियाचा उरल आला. मग १९६६ मध्ये जादवपूर विद्यापीठाच्या सहकार्याने आयएसआयजेयू-१ हा ट्रान्झिस्टरवरचा संगणक इथेच बांधला गेला. एचईसीचे काम संपले. मुंबईकरांचा टिफ्रॅकही याच वाटेने गेला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तो १९६० मध्ये कामाला लागला आणि १९६४ मध्ये अमेरिकेचा सीडीसी ३६०० आल्यावर मागे पडला.

यंत्राने आपले काम केले आणि पुढच्याला वाट दिली. यात दुःख करण्यासारखे काही नाही. यंत्राला तसे वाटतही नाही! अडचण असते ती त्या यंत्राला सरावलेल्या हातांची. कोणता व्हॉल्व्ह आज दगा देणार, कोणत्या आवाजावर लक्ष ठेवायचे, ही समज पुस्तकात पूर्ण उतरत नाही. ती शेजारी बसून घ्यावी लागते. शेजारी बसणारा कोणी उरला नाही की ती समज एका माणसाच्या देहाबरोबर जाते.

गीतेच्या अठराव्या अध्यायात तामस ज्ञानाचे जे लक्षण सांगितले आहे, ते अशा वेळी आठवावे. एकाच लहानशा गोष्टीला जणू तेच सर्वस्व मानून जे तिला चिकटून बसते, ते ज्ञान तामस. संग्राहकाला हा धोका फार जवळचा असतो. माझ्याकडे हे मॉडेल आहे, मूळ खोक्यासकट आहे, दुसऱ्या कोणाकडे नाही, अशा वाक्यांत ‘माझ्याकडे’ हा शब्द वाढत गेला की समजावे, यंत्र राहिले बाजूला, इथे अहंकाराची दुरुस्ती चालू आहे. पण त्याच अध्यायात सात्त्विक कर्त्याचे वर्णन आहे आणि तो उदासीन नाही, हे आपण बरेचदा विसरतो. तो संगरहित आहे, तसाच धैर्य आणि उत्साह यांनी युक्तही आहे. अनासक्ती म्हणजे हौस नसणे, असा एक सोयीचा गैरसमज आपल्यात आहे. हौसेला मोल नसते, असे मराठीत म्हणतात ते उगीच नाही. फळाचा हिशेब न मांडता केलेल्या कामाचा पहिला अनुभव पुष्कळांना त्यांच्या छंदातूनच येतो.

मग थांबायचे कधी? संख्या कमी झाली की, असे उत्तर सहज सुचते. ते फसवे आहे.

सांख्यिकी संस्था आहे त्याच बरानगरमध्ये १८८६ साली, श्रीरामकृष्णांच्या महासमाधीनंतर, काही तरुण एका पडक्या घरात राहू लागले. लोक त्या घराला भुताचे म्हणत. खायला कधी असे, कधी नसे. कोणी बाहेरून डोकावले असते तर म्हणाले असते, गुरू गेले, आता ही चार पोरे किती दिवस टिकणार? आज त्या घराला आपण रामकृष्ण संघाचा पहिला मठ म्हणून ओळखतो.

आता दुसरे चित्र पाहा. ५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये काही संगणकवेडे जमले आणि होमब्रू कॉम्प्युटर क्लब सुरू झाला. सभासद आपले आराखडे एकमेकांना मोकळेपणाने दाखवत. स्टीव्ह वॉझ्निअॅक यांनी अॅपलचा पहिला संगणक घडवला तो याच मंडळींच्या संगतीत. पुढे शेकडो लोक येऊ लागले. आणि डिसेंबर १९८६ मध्ये क्लबची शेवटची सभा झाली. घरोघरी संगणक यावा हे त्यांचे वेड होते आणि आता तो बाजारात मिळू लागला होता. कोणी याला क्लबचा पराभव म्हणेल, मी म्हणणार नाही. मूठभर असूनही एक गट बीज असतो, आणि शेकडो असूनही दुसऱ्याचे कार्य पूर्ण झालेले असू शकते. डोकी मोजून यातले काही कळत नाही. आपल्याजवळ अजून द्यायचे काही शिल्लक आहे का, आणि ते घ्यायला येईल अशा माणसाला आपण शोधतो आहोत का, हे पाहावे लागते.

याबाबतीत बंगाल आणि महाराष्ट्र दोघांनाही एक शिकवण घरातूनच मिळाली आहे. दुर्गेची मूर्ती असो की गणपतीची, तिचे विसर्जन पूजाविधीचाच भाग आहे. जिच्यात प्राणप्रतिष्ठा केली, तिचे उद्वासनही करायचे असते. दीड दिवसाचा गणपती बसवणाऱ्याची भक्ती दहा दिवसांच्या गणपतीवाल्याहून कमी, असे कोणी म्हणत नाही. पण इथे एक बारीक गोष्ट आहे. कोलकात्याच्या कुमारटुलीत गवताच्या सांगाड्यावर गंगेची माती चढवणारे हात आहेत, पेणला शाडू आणि रंग हाताळणारे हात आहेत, म्हणून आपण निर्धास्तपणे मूर्ती पाण्यात सोडतो. ते हातच उरले नसते तर? मग विसर्जन करताना आपला हात नक्कीच थरथरला असता. वस्तू जाऊ द्यावी हे खरे, पण ती घडवण्याची आणि सांभाळण्याची विद्या तिच्याबरोबर वाहून जाऊ देणे हे वैराग्य नव्हे. तो निष्काळजीपणा आहे, आणि वैराग्याचे वस्त्र पांघरून तो आपल्याकडे पुष्कळदा मिरवतो.

म्हणून ब्रिटनमधल्या काही निवृत्त अभियंत्यांचे मला कौतुक वाटते. हारवेल डेकाट्रॉन हे १९५१ मध्ये कामाला लागलेले यंत्र १९७३ पर्यंत वापरात होते, मग वस्तुसंग्रहालयात गेले आणि शेवटी गोदामात. स्वयंसेवकांनी तीन वर्षे खपून ते २०१२ मध्ये पुन्हा चालू केले. ते इतके संथ आहे की आकडे पुढे सरकताना नळ्यांतले नारिंगी ठिपके डोळ्यांनी दिसतात. एरवी हा दोष. पण शाळेतल्या मुलांना संगणक मोजतो कसा हे दाखवायला याहून चांगले साधन कुठले? यंत्राचे जुने काम संपले होते. जपणाऱ्यांनी त्याला नवे काम मिळवून दिले. आपल्या एचईसी-२एमच्या घराण्याचे मूळ नमुनायंत्रही ब्रिटनमध्ये जपून ठेवलेले आहे.

कोलकात्याजवळचेच उदाहरण हवे असेल तर मकरसंक्रांतीच्या गंगासागर यात्रेचे घ्या. मोबाइलच्या काळात हॅम रेडिओ म्हणजे निव्वळ जुनी हौस, असे कोणीही म्हणेल. पण बंगालमधले हौशी रेडिओचालक त्या गर्दीत हरवलेल्या माणसांना, विशेषतः ज्यांना आपले गावही नीट सांगता येत नाही अशा वृद्धांना, त्यांच्या घरच्यांपर्यंत पोहोचवण्यासाठी खपतात.

सगळ्याच मंडळांना असे नवे काम सापडत नाही. तेव्हा बंद करणे हेही कर्मच आहे आणि त्याला स्थापनेइतकीच काळजी लागते. प्रत्यक्षात काय घडते? संस्थापकाकडे किल्ल्या असतात. कोणी मनावर घेत नाही. तो आजारी पडतो, जातो. आणि घरचे लोक भंगारवाल्याला बोलावतात. यात घरच्यांचा काय दोष? त्यांना कोणी काही सांगितलेलेच नसते. उरलेले सभासद मग हळहळतात, पण ती हळहळ पाच वर्षे उशिरा आलेली असते. त्याआधी येईनाशा झालेल्यांना फोन करून अपराधी वाटायला लावण्यात त्यांची शक्ती खर्च झालेली असते. जो येत नाही त्याने आपल्या वाट्याचे केव्हाच दिलेले असू शकते, हे मान्य करणे जड जाते.

त्यापेक्षा शेवटच्या चार जणांनी एक तारीख ठरवावी. येणाऱ्यांना आणि न येणाऱ्यांनाही त्या दिवशी बोलवावे. हिशेबाची वही पूर्ण करून उरलेले पैसे कुठे द्यायचे ते सर्वांदेखत ठरवावे. प्रत्येक यंत्राबरोबर, ते कसे चालू करायचे, कुठे बिघडते आणि काय केल्यावर सुधारते, हे साध्या भाषेत कागदावर लिहून ठेवावे; मराठीत, बंगालीत, ज्याला जी येते तीत. जे एखाद्या महाविद्यालयाला किंवा शिकू पाहणाऱ्या मुलाला देता येईल ते द्यावे. आणि खोके बंद करण्याआधी आतली बॅटरी तेवढी आठवणीने काढून घ्यावी, म्हणजे पुढे कधी कोणी ते उघडले तर बोर्ड शाबूत मिळेल.