शिकलेली भाषा कुणाची?

स्पॅनिश भाषेच्या प्राथमिक वर्गात पहिल्या काही आठवड्यांत जे शब्द शिकवले जातात, त्यांत उर्दू-मराठी जाणणाऱ्याला ओळखीचे चेहरे पुष्कळ भेटतात. साखरेला 'आसूकार', कापसाला 'आल्गोदोन'. आपला 'फलाणा' तिथे 'फुलानो' होऊन बसलेला आहे. विद्यार्थ्याला दिलेल्या गृहपाठाला 'तारेआ' म्हणतात, तोही अरबीतून आलेला. उद्यापर्यंतचा निरोप घेताना जो 'आस्ता' येतो, तो अरबीतला 'हत्ता'. आणि 'तसे झाले तर किती बरे' हे एका शब्दात म्हणायला 'ओखाला' आहे. त्याच्या पोटात अल्लाहचे नाव आहे, हे तो रोज उच्चारणाऱ्या कित्येकांच्या ध्यानातही नसते. स्थळनामे आणि साधित शब्द धरले तर अरबी मुळाच्या अशा शब्दांची मोजदाद 4000च्या आसपास जाते.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. घरात दखनी, शाळेत उर्दू, बाजारात आणि कचेरीत मराठी, असे माझे रोजचे भाषेचे वेळापत्रक. त्यात शनिवार-रविवारच्या विद्यापीठाच्या प्रमाणपत्र वर्गातून स्पॅनिशची भर पडली. वर्गातल्या बहुतेकांना त्या भाषेतून नोकरी हवी होती. मला काय हवे होते ते धड सांगता येत नसे, म्हणून लोकच माझ्या वतीने कारणे शोधू लागले. शाळेतल्या एक आपा म्हणाल्या, "अरे, वो तो एक तरह से अपनीच जबान हुई ना!" नात्यातले एक बुजुर्ग मात्र नाराज झाले. ज्यांनी ग्रानाडा घेतले, 1500च्या सुमारास तिथल्या चौकात अरबी किताबांची होळी केली, त्यांची बोली तुला कशाला हवी, असा त्यांचा सवाल होता.

दोघांचेही मन मला समजते. पण विचार केला तर दोघेही भाषेकडे मालमत्ता म्हणूनच पाहतात. एकीला ती आपल्या वाडवडिलांची जमीन वाटते, दुसऱ्यांना शत्रूची हवेली. प्रश्न असा की, भाषेवर माणसाचा हक्क नेमका कशाने सिद्ध होतो? आणि तो सिद्ध करायला माणसाला भाग पाडावे का?

आधी शब्दांच्या मोजणीविषयी. आपल्या लोकांना तिचा मोठा शौक आहे. स्पॅनिशमध्ये आदरार्थी 'आपण'साठी 'उस्तेद' हा शब्द आहे. तो 'उस्ताद'वरून आला असे कुणी सांगितले की माझ्यासारख्या शिक्षिकेची छाती फुगणारच. पण भाषेचे अभ्यासक सांगतात, तो 'वुएस्त्रा मेर्सेद' म्हणजे 'आपली मेहेरबानी' या जुन्या संबोधनाचा झिजून उरलेला तुकडा आहे. मेहेरबानीच आहे, पण त्यांची त्यांची. आवडलेली व्युत्पत्ती सोडून देण्यातही एक प्रामाणिकपणा लागतो आणि तो आपल्या सभासंमेलनांतून फारसा दिसत नाही. वकील, अर्ज, हक्क, जमीन, शाई, दौत अशी यादी वाचून दाखवायची आणि म्हणायचे, पाहा, मराठी आमचीही आहे! समोरून मग राज्यव्यवहारकोशाचा दाखला येतो. हा वाद कधी संपत नाही, कारण त्याचा पायाच कच्चा आहे. पगार, चावी, साबण, बटाटा हे शब्द पोर्तुगीजांकडून आले. (स्पॅनिश शिकताना 'पागार' म्हणजे पैसे चुकते करणे हे कळले, तेव्हा महिनाअखेर वाट पाहणाऱ्या मला भारी गंमत वाटली.) म्हणून मराठी पोर्तुगीजांची झाली, असे कुणी म्हणत नाही. शब्द कुठून आला यावरून भाषा कुणाची हे ठरत नाही. ती वापरणाऱ्याची असते.

स्पेनच्या मुसलमानांच्या बाबतीत हे 'वापरणे' फार खोलवर गेलेले होते, आणि आपल्या अंदलूसच्या आठवणींत नेमके तेच गळून पडते. आपल्याला कुर्तुब्याची मशीद आठवते, अल-हम्रा आठवतो. सेगोवियाचे मुफ्ती ईसा आठवत नाहीत. त्यांनी 1462 साली शरियतच्या मुख्य गोष्टींचे पुस्तक लिहिले, तेच मुळी स्पॅनिशमध्ये. कारण त्यांच्या भागातले मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती राज्यात राहून अरबी विसरले होते. नमाज, रोजा, जकात यांची माहिती त्यांना त्यांच्या मातृभाषेत द्यायची, तर दुसरा इलाज नव्हता.

पुढे ही मंडळी स्पॅनिशच अरबी लिपीत लिहू लागली. त्या लिखाणाला 'आल्खामियादो' म्हणतात. नाव आपल्या 'अजमी'वरूनच पडले आहे. आरागॉन प्रांतातल्या आल्मोनासिद दे ला सिएरा या गावात 1884 साली एक जुने घर पाडताना खोट्या जमिनीखाली अशा हस्तलिखितांचा मोठा साठा सापडला. कुणीतरी ती जिवाच्या भीतीने लपवली होती. उर्दू शिकवणाऱ्या माझ्यासारखीला त्या लिखाणातली एक गोष्ट फार जवळची वाटते. अरबीत 'प' नाही. आपण फारसीकडून तीन नुक्त्यांचा 'पे' घेतला. त्या लोकांकडे तो नव्हता, तेव्हा त्यांनी 'बे'वर तश्दीद दिली आणि तिला 'प' म्हटले. 'जीम'वर तश्दीद देऊन 'च' केला. 'ए'चा स्वर हवा, तर जबर देऊन पुढे अलिफ लावला. पावाला 'पान' म्हणतात, तो साधा शब्द लिहायलाही एवढी खटपट. भाषा आपली नसती तर कुणी ती केली असती का? आपल्याकडे फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' 1616 साली गोव्यात रोमन लिपीत छापले गेले, पण आहे ते मराठीच. लिपी पाहून भाषेचा धर्म ठरवणाऱ्यांनी या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात.

ग्रानाड्यातली हकिकत निराळी होती. तिथले लोक अजून अरबी बोलत. बळजबरीने त्यांचा बाप्तिस्मा झालेला होता. त्यांना मोरिस्को म्हणत. 1567 साली फर्मान निघाले की, तीन वर्षांत सर्वांनी कास्तियन, म्हणजे आजची स्पॅनिश, शिकावी. त्यानंतर घरातसुद्धा अरबी बोलायची नाही. पोशाखावर आणि हमामांवरही बंदी आली. तेव्हा फ्रान्सिस्को नूञ्येस मुले या वृद्ध मोरिस्को सरदाराने सरकारला एक निवेदन दिले. त्यातला युक्तिवाद आजही ताजा वाटतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : माल्टाचे, जेरुसलेमचे ख्रिस्ती अरबीच बोलतात, म्हणून ते ख्रिस्ती नाहीत काय? भाषेचा दीनाशी संबंध नाही. आणि ज्या म्हाताऱ्यांचा जन्म एका बोलीत गेला, त्यांना तीन वर्षांत दुसरी कशी येणार? निवेदनाचा उपयोग झाला नाही. 1568 साली बंड झाले आणि ते चिरडले गेले.

इथवरचा इतिहास वाचून एखादा सज्जन म्हणेल की, त्यांनी वेळीच देशाची भाषा शिकायला हवी होती. पण शिकलेल्यांचे काय झाले? 1609 ते 1614 या काळात सुमारे तीन लाख मोरिस्कोंना देशाबाहेर घालवण्यात आले. ज्यांना अरबी येत होती ते गेले, आणि ज्यांना स्पॅनिशखेरीज काही येत नव्हते तेही गेले. पाच-सहा पिढ्यांपूर्वी अरबी विसरलेले आरागॉनचे लोक उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरले, तेव्हा तिथल्या मुसलमानांशी बोलायला त्यांच्याकडे भाषाच नव्हती. ट्युनिसमध्ये बसून त्यांनी पुढे इस्लामविषयी लिहिले, तेही स्पॅनिशमध्ये.

सर्वान्तेसच्या 'दोन किखोते'च्या 1615 साली आलेल्या दुसऱ्या भागात रिकोते नावाचा एक मोरिस्को दुकानदार आहे. हद्दपारीनंतर तो यात्रेकरूचा वेश घेऊन चोरून परत येतो आणि आपल्या जुन्या शेजाऱ्याला, सांचोला, भेटतो. लेखक मुद्दाम नोंदवतो की, तो आपल्या मोरिस्को बोलीत जराही न अडखळता स्वच्छ कास्तियन बोलत होता. हे वाचताना मी थांबले. "तुमचं मराठी किती शुद्ध आहे हो!" ही शाबासकी या पानांच्या वाचकांपैकी कुणाला मिळालेली नाही? देणाऱ्याच्या मनात खोट नसते. पण त्या शाबासकीत एक अपेक्षा लपलेली असते की, तुम्हाला ती येणार नाही. रिकोतेची भाषा निर्मळ होती आणि त्याला स्वतःच्या गावात वेश बदलून फिरावे लागत होते.

आपली स्थिती त्यांच्यासारखी आहे, असे मला मुळीच म्हणायचे नाही. आपल्या संविधानाच्या 29व्या कलमाने भाषा आणि लिपी जपण्याचा हक्क दिला आहे, आणि त्या हक्काच्या बळावरच माझी शाळा चालते. तुलना एवढ्यापुरतीच की, भाषा शिकणे आणि आपले मानले जाणे या दोन गोष्टींची आपण फार घाईने गाठ मारतो. शिकणे माझ्या हातात आहे. मानणे समोरच्याच्या हातात आहे, आणि ते त्याचे कर्तव्य आहे. माझ्या शिकण्यावर त्याने ते अवलंबून ठेवले, तर भाषेची दाखल्यासारखी मागणी होऊ लागते, आणि दाखल्यावर कुणी प्रेम करत नाही. स्पेनने 2015 साली कायदा करून 1492मध्ये हाकललेल्या ज्यूंच्या वंशजांना नागरिकत्व देऊ केले. त्यासाठी प्राथमिक स्पॅनिशची परीक्षा ठेवली, म्हणजे साधारण आम्ही वर्गात करत होतो तेवढीच. न्यायाच्या दिशेने टाकलेले ते पाऊल होते, हे मान्यच. पण मोरिस्कोंच्या वंशजांसाठी असा कायदा झाला नाही. त्यांच्यापुढे परीक्षासुद्धा ठेवली गेली नाही.

नववीतल्या एका मुलाने मला विचारले होते, "मॅडम, मराठी अच्छी आ भी गई तो क्या होगा?" त्याला, 'मग लोक तुला आपला म्हणतील', असे सांगणे सोपे होते. ते मी सांगितले नाही, कारण ते माझ्या हातातले वचन नव्हते. मी सांगितले की, सातबारा वाचता येईल, दवाखान्यात आजीला काय झाले आहे ते डॉक्टरला नीट सांगता येईल, तलाठ्याला प्रश्न विचारता येईल, आणि एखादे पुस्तक असे सापडेल की जे उर्दूत नाही. त्याचे फारसे समाधान झाले नाही.

मग फळ्यावर मी त्या लोकांची 'बे'वरची तश्दीद काढून दाखवली. मुले हसली, इम्ला गलत आहे म्हणाली. एकाने विचारले की, मराठीतला 'ळ' उर्दूत कसा लिहायचा? आपल्याकडे तर ते अक्षरच नाही. 'बाळ' लिहिले तर 'बाल' वाचले जाईल. एक म्हणाला, 'लाम'वर तश्दीद द्या. दुसऱ्याने उठून 'लाम'च्या डोक्यावर 'ड़े'सारखी छोटी 'तोए' काढली. त्यावर तिसऱ्याने 'ण'चे काय, असे विचारले, आणि तास संपल्याची घंटा झाली तरी फळ्याभोवतीची मुले हलेनात.