घमेल्यातला हिवाळा

डिसेंबर लागला की बालवाड्यांमध्ये आणि प्लेग्रुपमध्ये हिवाळ्याचा टब सजतो. तळाशी कापसाचा जाड थर, त्यावर भुरभुरवलेली चमकी, थोडे निळे मणी आणि मधोमध पेंग्विन, ध्रुवीय अस्वल, सील, पांढरं घुबड अशी प्लास्टिकची मंडळी. शिकवणाऱ्या ताई याला सेन्सरी बिन म्हणतात. कॅनडा-अमेरिकेत हा खेळ चांगला रुळलेला आहे. आता तो पुण्या-नाशकातल्या तीन-चार वर्षांच्या मुलांपुढेही येतो. मुलांनी त्यात कोपरापर्यंत हात घालावेत, चिवडावं, ओतावं, लपवावं, शोधावं, अशी अपेक्षा असते. ती योग्यच आहे. मला बोलायचं आहे ते तळाच्या कापसाबद्दल.

कापूस लांबून बर्फासारखा दिसतो. पण त्यात हात घातल्यावर मुलाला काय कळतं? हे कोरडं आहे, मऊ आहे, उबदार आहे. ते वितळत नाही, ओलं करत नाही, बोटं बधिर करत नाही. डोळ्यांना आपण हिमप्रदेश दाखवला आणि हातांना अंथरूण दिलं. स्पर्शाच्या खेळात स्पर्शालाच चुकीची बातमी मिळाली, तर तो खेळ मांडला कशासाठी? आपल्याकडच्या बहुतेक मुलांनी बर्फाळ मुलूख पाहिलेला नसतो. त्याच्याविषयी त्यांच्या हाताला जे कळेल, तेच त्यांचं पहिलं ज्ञान. म्हणून हाताच्या खेळातली वस्तू आधी हाताशी खरी असावी. डोळ्यांचं नंतर बघता येतं.

मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत पहिलं बालगृह उघडलं. त्यांच्या पद्धतीत लाकूड, लोकरी नमदा, संगमरवर, लोखंड अशा निरनिराळ्या पदार्थांच्या सारख्याच आकाराच्या पट्ट्या असतात. मूल डोळे मिटून त्यांच्यावर तळहात टेकवतं. सगळ्या पट्ट्या एकाच खोलीत, एकाच तापमानाला असतात, तरी लोखंड गार लागतं आणि नमदा उबदार. कारण त्वचेला वस्तूचं तापमान थेट कळत नाही. आपल्या अंगातली उष्णता किती वेगाने निघून चालली आहे, ते कळतं. लोखंड ती झपाट्याने ओढून घेतं, नमदा अडवून धरतो. आणि ही उष्णता अडवून धरणं, हेच तर थंड प्रदेशातल्या प्राण्यांचं आयुष्यभराचं काम असतं. सीलची चरबी, कोल्ह्याची दाट लव, पेंग्विनची एकावर एक बसलेली पिसं हे सगळं त्यासाठीच. म्हणजे गारवा हा या टबातला मुख्य धडा आहे. तो काढून टाकला तर उरतात फक्त बाहुल्या.

खरा बर्फ ठेवायला फार खटपट लागत नाही. रात्री एका वाडग्यात पाणी घालून त्यात प्लास्टिकचा सील बुडवायचा, वाडगा फ्रीझरमध्ये ठेवायचा आणि सकाळी तो गोळा घमेल्यात उपडा करायचा. मूल आधी एक बोट लावतं आणि मागे घेतं. मग लाकडी चमच्याने ठोकून बघतं. मग ड्रॉपरने कोमट पाणी सोडतं. पाणी पडतं तिथे खळगा होतो, खळग्यातून चीर जाते, आतून कट्‌ असा आवाज येतो आणि मूल कान जवळ नेतं. खडेमीठ टाकलं की तेवढ्या जागी बर्फ खरबरीत होऊन ओघळायला लागतो. कुल्फीवाला मटक्यातल्या बर्फात मीठ घालतो ते याच गुणासाठी. मिठामुळे बर्फ वितळतो आणि वितळताना आजूबाजूची उष्णता शोषून घेतो. हे मिश्रण शून्याच्या बरंच खाली जातं, त्याने कातडीला इजा होऊ शकते; म्हणून मीठ मोठ्यांनीच, चिमटीने टाकावं आणि तो भाग मुलाला हातात धरू देऊ नये.

दुसरा एक प्रयोग याच घमेल्यात होतो. झिपच्या दोन पिशव्या एकात एक घालायच्या आणि त्यांच्या मधल्या जागेत वनस्पती तुपाचा जाड थर भरायचा. अशीच दुसरी जोडी तूप न घालता ठेवायची. मुलाने एकेका जोडीत एकेक हात घालायचा आणि दोन्ही हात बर्फाच्या पाण्यात धरायचे. नुसत्या पिशवीतला हात चटकन बाहेर येतो, तुपातला आरामात राहतो. मग सांगावं की ध्रुवीय अस्वलाच्या कातडीखाली दहा सेंटीमीटरपर्यंत जाड चरबी असू शकते आणि पाण्यात केस भिजले की तीच त्याला ऊब देते. हा आकडा मूल विसरेल. हाताला जे कळलं ते विसरणार नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे. मुलं तर पानाची पोळी करतात, खड्यांचे लाडू वळतात. भातुकलीत काहीच खरं नसतं, तरी तो बालपणातला सर्वात मोठा खेळ आहे. मग कापसाचा बर्फ का चालू नये? चालेल, मुलाने तो स्वतः योजला असेल तर. पान ही पोळी आहे हे मूल ठरवतं, आणि ठरवताना त्याला पक्कं ठाऊक असतं की हे पान आहे. पोळी त्याने रोज खाल्लेली असते. ठाऊक असलेल्या वस्तूच्या जागी दुसरी वस्तू मांडणं, ही कल्पनेची झेप. ठाऊकच नसलेल्या वस्तूच्या जागी मोठ्यांनी तयार नक्कल ठेवली, तर झेप घ्यायला पायाखाली जमीन राहत नाही. लंडनमध्ये मुलांवर मानसोपचार करणाऱ्या डॉक्टर मार्गारेट लोवेनफेल्ड १९२०च्या दशकाच्या अखेरीस मुलांपुढे वाळूचा ट्रे, पाणी आणि छोट्या खेळण्यांनी भरलेला खण ठेवत असत. मुलं त्यात जे उभं करत, त्याला ती स्वतःच ‘जग’ म्हणू लागली. वाळू खरी, पाणी खरं, आणि त्यांतून काय उभारायचं ते मुलाच्या मर्जीवर. आजच्या टबालाही हीच वाटणी लागू पडते.

पेंग्विन आणि ध्रुवीय अस्वल यांच्याबाबतीत हाच विचार उपयोगी पडतो. अस्वल उत्तर ध्रुवाकडचं. अंटार्क्टिकाचा पेंग्विन दुसऱ्या टोकाचा. निसर्गात त्यांची गाठ पडत नाही. मुलाने खेळता खेळता दोघांची मैत्री लावली तर मध्ये तोंड घालू नये. पण मांडणी आपण करतो, तेव्हा दोघांची घमेली वेगळी ठेवावीत. खेळ मुलाचा, त्याला मोडता घालू नये. माहिती आपली, ती चुकीची देऊ नये.

आता आपल्या हिवाळ्याकडे येऊ. महाराष्ट्रातल्या मुलाला हिवाळ्यातला प्राणी म्हणून फक्त पेंग्विनच का भेटावा? ठाण्याच्या खाडीत साधारण नोव्हेंबरपासून हजारो रोहित पक्षी उतरतात. ते चोच उलटी करून चिखलपाण्यात घालतात, जिभेने पाणी आत-बाहेर करतात आणि चोचीच्या कडेच्या दातेरी जाळीत शेवाळ आणि बारीक जीव अडकवतात. घमेल्यात काळा चिखल, पाणी, थोडी मोहरी आणि हातात चहाची गाळणी एवढं दिलं, की मूल रोहिताचं काम स्वतःच करू लागतं. गाळणी हलवल्याशिवाय चिखल निघत नाही आणि जोरात हलवली तर मोहरीही सांडते, हे त्याला कुणी सांगावं लागत नाही.

कोकणात तर हिवाळा हा कासवांचा ऋतू. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या या दिवसांत रात्री किनाऱ्यावर येतात, मागच्या पायांनी खड्डा खणतात, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालतात आणि वाळू लोटून परत जातात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावात लोकांनी ही घरटी राखायला सुरुवात केली आणि आज तिथे पिल्लं समुद्राकडे जाताना बघायला माणसं लांबून येतात. घमेल्यात वाळू भरा, टेबल टेनिसचे पांढरे चेंडू द्या आणि खड्डा करायला सांगा. कोरड्या वाळूचा खड्डा ढासळतो. ओलसर वाळूच्या भिंती उभ्या राहतात. खाली हात घातला तर वरच्यापेक्षा गार लागतं. अंडी खोल का पुरायची, याचं निम्मं उत्तर मुलाच्या बोटांना तिथेच मिळतं. ताईंनी हेही लक्षात ठेवावं की याच वाळूच्या उबेवर पिल्लू नर होणार की मादी, ते ठरतं. मुलं मोठी झाली की त्यांना सांगता येईल.

अशा खेळाला दुकानातलं सामान लागतंच असं नाही, हे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी फार पूर्वी दाखवून दिलं. १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला त्यांनी गावातल्या आणि आदिवासी पाड्यांवरच्या मुलांना शिंपले, बिया, पानं, खडे यांच्यावर शिकवलं. महागड्या साधनांमागचा विचार त्यांनी घेतला आणि साधनं अंगणातून उचलली. आज हिवाळ्याचा टब मांडताना तोच धडा गिरवायला हवा. धान्य उधळणं ज्या घरात रुचत नाही, तिथे रंगवलेले तांदूळ वापरायची गरज नाही. वाळू, भुसा, माती आहेच. पाण्यात फुगणारे मणी तर आणूच नयेत, कारण गिळले गेले तर ते पोटात फुगून आतडं अडवू शकतात. आणि घमेल्यात ओंजळभरच पाणी असलं तरी मोठ्या माणसाने शेजारी बसायचं आहे.

शेजारी बसायचं, पण बहुतेक वेळ गप्प. ‘हा कोणता प्राणी?’, ‘हा रंग कोणता?’ असे प्रश्न सुरू झाले की मूल हातातलं सोडून आपल्या तोंडाकडे बघू लागतं. त्याचं चाललेलं काम आपल्या प्रश्नांपेक्षा मोठं आहे, यावर आपला विश्वास हवा. टब फोटोत कसा दिसतो, हा त्याचा कस नव्हे. खेळ संपताना पाणी गढूळ झालेलं असेल, फरशी ओली असेल, प्राणी उलटेपालटे पडलेले असतील. तरी ज्या मुलाने गारवा सोसून बघितला आणि ऊब कशी अडवता येते ते हाताने ताडलं, त्या मुलाला थंडीत कुडकुडणाऱ्या जिवाबद्दल आपण पुढे जे सांगू, ते समजेल. प्राण्यांविषयीची आस्था उपदेशाने येत नाही. त्यांच्या वाट्याचं थोडं तरी आपल्या अंगाला कळावं लागतं, आणि ते कळायचं वय हेच आहे.