पूर्वजांचा शोध कशासाठी?

वाचकहो, आपल्या पणजोबांचे नाव आपणांस बहुधा ठाऊक असेल. त्यांच्या आईचे नाव सांगता येईल काय? पुष्कळांची स्मृती येथेच थांबते. ज्यांचा पूर्वज गाव सोडून समुद्रापार गेला, त्यांची तर त्याच्याही अलीकडे थांबते. कारण विचारावे असे भाऊबंद जवळ नसतात, आणि घराण्याची माहिती सांगणारे गावातले म्हातारे केव्हाच काळाआड गेलेले असतात. अशा कुटुंबाने आपले मूळ शोधायचे म्हटले, तर त्याला सरकारी दप्तराचाच आश्रय घ्यावा लागतो. हे दप्तर कोणी व कोणत्या हेतूने लिहिले? त्यातून जे हाती लागते, त्याचे आपण काय करावे? या प्रश्नांत इतिहासाइतकीच नीतीही गुंतलेली आहे.

मॉरिशस बेटाचे उदाहरण घेऊ. गुलामगिरी रद्द करणारा कायदा तेथे १८३५ च्या फेब्रुवारीत अमलात आला. त्याच्या तीन महिने आधीच उसाच्या मळेवाल्यांनी दुसरी सोय पाहिली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलास’ जहाजातून ३६ हिंदी मजूर करारावर तेथे उतरले. १९१० पर्यंत कलकत्ता, मद्रास व मुंबई या बंदरांतून सुमारे साडेचार लाख माणसे त्या बेटावर गेली. मुंबईहून गेलेल्यांची संख्या तिघांत कमी. तथापि त्यांत रत्नागिरी व सातारा या भागांतले मराठी लोक होते. त्यांच्या वंशजांच्या मुलांना आजही तेथील शाळांत मराठी शिकता येते. पोर्ट लुई बंदरात मजूर ज्या ठिकाणी उतरत, त्या आप्रवासी घाटाला २००६ साली युनेस्कोने जागतिक वारशात स्थान दिले.

या प्रत्येक मजुराची नोंद झाली. नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जात, गाव, जिल्हा, जहाज, कोणत्या मळ्यावर धाडले तो मळा, आणि या सर्वांच्या आधी एक क्रमांक. १८६० च्या दशकापासून छायाचित्रेही काढली जाऊ लागली. ही दप्तरे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेली आहेत. शोध घेणारा वंशज प्रथम आईवडिलांचे, मग आजोबांचे जन्माचे, विवाहाचे व मृत्यूचे दाखले जमवितो. एकेक पिढी मागे जाता जाता एखाद्या दाखल्यावर त्याला तो क्रमांक सापडतो. क्रमांकावरून नोंदवही, नोंदवहीवरून जहाज, आणि जहाजावरून गाव. वाट सरळ नसते. कारकुनाने कानाला लागेल तसे नाव रोमन अक्षरांत उतरविलेले असते. बापाचे पाळण्यातले नाव पुढल्या पिढीचे आडनाव होऊन बसलेले असते. गावाचे नाव तर कित्येकदा ओळखूही येत नाही.

आता त्या छायाचित्राकडे पाहा. आज ते मोठे करून, चौकटीत घालून बैठकीच्या खोलीत लावले जाते, आणि ते योग्यच आहे. पण ते काढले कशासाठी? १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या मजुरालाही छायाचित्र असलेला परवाना जवळ बाळगणे भाग पडले. तो नसल्यास भटका ठरवून त्याला पकडता येत असे. हा जाच इतका वाढला की १८७१ साली नऊ हजारांहून अधिक जुन्या मजुरांनी गव्हर्नरकडे अर्ज केला, आणि पुढल्या वर्षी चौकशीसाठी राजकीय आयोग नेमला गेला. सारांश, ज्या कागदामुळे आज पणतूला पणजोबा भेटतो, तो कागद पणजोबाला मळ्यावर अडकवून ठेवण्यासाठी लिहिला गेला होता. कारकुनाला त्या माणसाच्या मनात काय आहे याच्याशी कर्तव्य नव्हते. पळाल्यास ओळखता यावा, एवढेच त्याला हवे होते. म्हणून अशी नोंद वाचताना, जे कारकुनाने विचारले नाही ते विचारणे, हे वंशजाचे पहिले कर्तव्य ठरते.

याहून अवघड आहे तो जातीचा रकाना. बंदरावर उभा असलेला माणूस काय सांगेल याचा नेम नव्हता. मळ्याला नांगर धरणारे हात हवे असत, म्हणून कोणी आपली उच्च जात लपविली. कोणी गावातली अवहेलना किनाऱ्यावरच टाकून द्यावी म्हणून दुसरेच नाव सांगितले. अशा माणसाने आयुष्यात एकदाच स्वतःचे नाव स्वतः ठेवले. दीडशे वर्षांनी त्याचाच वंशज दप्तर उघडून त्याचे ‘खरे’ काय ते शोधू लागतो. त्याला हा अधिकार आहे काय?

आपण भारतातील ख्रिस्ती लोक हा प्रश्न परका म्हणून दूर सारू शकत नाही. आपल्यापैकी अनेकांच्या घराण्यांत बाप्तिस्म्याच्या वेळी नवे नाव आले आणि जुने मागे पडले. “तुम्ही मूळचे कोण?” हा प्रश्न आपल्याला नागपुरात विचारला जातो, इंदुरात विचारला जातो, आणि लग्न जमविताना तर आपणच तो एकमेकांना विचारतो. मूळ शोधण्याच्या आवडीत हा जुना प्रश्न लपून बसतो. उच्च मूळ निघाले तर ते चारचौघांत सांगितले जाते. निघाले नाही तर वही हळूच मिटली जाते.

पवित्र शास्त्रात वंशावळीचे दोन्ही उपयोग आढळतात. बंदिवासातून परतलेल्यांत काही याजक असे होते की त्यांची नावे वंशावळीच्या नोंदीत सापडली नाहीत, म्हणून त्यांना याजकपणातून वगळण्यात आले, असे एज्राच्या ग्रंथात आहे. उलट मत्तय प्रभूची वंशावळ देताना तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची स्त्री यांचा उल्लेख टाळीत नाही. मवाबी माणसाला मंडळीत येण्याची नियमशास्त्राने मनाई केलेली. आणि रूथ तर मवाबी, विधवा, परक्या गावी सरवा वेचून पोट भरणारी. एखाद्या अभिमानी वंशजाने तिचे नाव गाळले असते. मत्तयाने ते लिहिले.

माझे मत असे की, शोध घ्यावा आणि सापडेल ते घरात खरे सांगावे. मेलेल्या माणसाची जात, त्याचे कर्ज, त्याच्या लग्नाची नोंद नसणे, हे त्याच्या नावाने आपण लपवू लागलो, तर ज्यांनी त्याला त्याबद्दल लाज वाटायला लावली त्यांचीच बाजू आपण घेतली असे होईल. त्याने लपविले ते जगण्यासाठी. आपण लपविणार ते मोठेपणासाठी. या दोहोंत फार अंतर आहे. मात्र घरात सांगणे वेगळे आणि छापून वाटणे वेगळे. त्याच वंशाच्या दुसऱ्या शाखेतील माणसे अशा समाजात राहत असतील की जेथे ते उघड होताच मुलीचे लग्न अडेल, तर त्यांना विचारल्याशिवाय ते प्रसिद्ध करू नये. सत्याची किंमत आपण स्वतः द्यावी. ती दुसऱ्याच्या पदरातून देऊ नये.

काळ बदलला तसे त्या क्रमांकाचे मोलही बदलले. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी मॉरिशसला दिलेल्या भेटीत, मूळच्या भारतीयांच्या सातव्या पिढीलाही ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ हा दर्जा मिळण्याची तरतूद जाहीर झाली. ज्या कागदाने पूर्वजाला बांधले, तो आता वंशजाच्या उपयोगी पडणार. याचा आनंद मानावा. पण तेवढ्यावर थांबू नये.

कारण मॉरिशसला गेलेली ती मराठी माणसे उसासाठी गेली, आणि उसासाठी माणसे आजही घर सोडतात. दर वर्षी पावसाळा सरला की बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतील कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागतात. नवराबायको मिळून हिशेबात एक ‘कोयता’ धरला जातो. शंभर वर्षांनी त्या घरातील एखादी पणती आपल्या पणजीला शोधू लागली, तर मुकादमाच्या वहीत तिला काय मिळेल? अर्धा कोयता. वाचकहो, आपल्या पूर्वजाचे नाव दप्तरात सापडावे म्हणून आपण जेवढे कष्ट घेतो, त्यातले थोडे या बाईचे नाव आजच कोठेतरी नीट लिहिले जावे यासाठी घेऊ या.